अक्रोड किती वेळा?

विद्यापीठाच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोन मैत्रिणी उभ्या होत्या. एकीचा फॉर्म दुसरी भरत होती.

“आपल्या पोटात ओमेगा-थ्री किती जातं, ते बघतायत. मासे, आठवड्यातून किती वेळा?”

“दोनदा.”

“कधी गं? मेसमध्ये तर मासा औषधालाही मिळत नाही.”

“आईला फोनवर तेच सांगते. तोंडात बसलंय.”

“हा फॉर्म आईकडे जाणार नाहीये, बाई.”

“मग शून्य टाक.”

“अक्रोड?”

“शून्य.”

“आता हे कशाला खोटं? कपाटात गच्च भरलेली बरणी आहे तुझ्या.”

“आईने स्वतः फोडून, एकेक निवडून भरलीय.”

“मग खात का नाहीस?”

“सुट्टी अजून लांब आहे. बरणी उघडली की संपेल ना गं.”