दैतारीच्या माईले सांगायले गेलो

माहं गाव भंडाऱ्याकडचं, धानाचं, आन पाणी म्हणाल तं एक बोडी, म्हणजे लहानशी तळी, तेही उन्हाळ्यात गुडघ्याइतकी, म्हणून पोहणं काही आलं नाई मले. तीन भावाइत जमीन काय पुरन, तं मी भिलाईले आलो. तवा प्लांट उभा होऊन राहिला होता, चहूकडं खोदलेली माती आन लोखंड, आमी टिनाच्या झोपड्यात राहू. खलाशी गँगमधी लागलो, म्हणजे दोर-साखळ्या लावून गर्डर वर चढवायचे, आन माह्या जोडीले दैतारी. उडिया माणूस, समुंदरकाठचा, मासे मारणाऱ्या घरचा. मले म्हणे, गोविंदा, समुंदर नहीं देखा? तेरा तो जनम बेकार गया रे.

भादव्यातला रविवार होता जी. दैतारी आन मी शिवनाथ नदीवर कपडे धुवायले गेलो, पूर उतरला म्हणत होते लोक. माहा पाय सरकला आन मी गेलोच. नाकातोंडात पाणी, वरतं कोणतं खालतं कोणतं कळे नाई, तं मागून कोणीतरी केस धरले, जोरानं ढकललं, झाडाच्या मुळ्या हाती आल्या. वळून पाहतो तं मागं कोणीच नाई. काठावरच्या बाया बोंबलून राहिल्या होत्या. त्याइनंच सांगितलं, तुह्यामागं उडी घातली त्यानं, आन वाहत आलेलं खोड त्याच्या डोक्यावर बसलं. समुंदरातला माणूस, आन आमच्या नदीत! तिसऱ्या दिवशी सापडला. आग मीच देली.

त्याच्या घरी तार गेली, पण त्याची पेटी माह्यापाशीच राहिली. आज जातो, उद्या जातो, माईले तोंड कसं दाखवू? फागुनात निघालो शेवटी, रायपूरहून विजयनगरमची गाडी, तिथून दुसरी, मंग पायी. उजाडता उजाडता त्याच्या गावच्या वाळूवर पोहोचलो, तं सगळीकडं दगडच दगड. म्हटलं येवढे दगड कोणं आणून टाकले? आन त्यातला एक दगड चालला! बाप्पा, मी पेटी टाकून मागं सरलो. कासवं होती, हजारोनं, पाय ठेवायले जागा नाई, वाळू उडवत, एकमेकीच्या पाठीवरून चढत, पण आवाज कोणाचाच नाई. मागं तो समुंदर, त्याले पलीकडचा काठच नाई. मी येडाच झालो.

तेवढ्यात एक म्हातारी धावत आली. पेटी ओळखली तिनं. हसली. मले धरून ओढतच नेलं, एका कासवापाशी बसवलं, बोट दाखवलं, अंडे टाकून राहिली होती. कासवाच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं. म्हातारी माह्यामागं वाटेकडं पाहत होती सारखी. गावातला एक बुढा रंगूनले राहून आलेला, त्याले हिंदी येत होती. तो हळूच म्हणाला, इसने तार माना ही नहीं. बोलती है, हमारा बेटा नदी में कैसे डूबेगा? अब पूछती है, वो पीछे आ रहा है क्या?

काय सांगू तुमाले. मी तिथंच वाळूत तिच्या पायाशी पडलो. म्हटलं, तार खरी हाय माय. मले काढता काढता गेला. मले पोहता येत नाई, म्हणून गेला. बुढ्यानं उडियात सांगितलं. तिनं ऐकलं, आन फाडकन माह्या कानाखाली वाजवली. मंग आणखी एक. मंग वाळूतच बसली आन असा काही आवाज काढला का अजून आठवला तं अंगावर काटा येते.

ऊन चढल्यावर घरी नेलं. पेटी उघडली नाई. माह्यापुढं भात वाढला, आन काहीतरी बोलली. बुढा म्हणे, पूछती है, तेरी माँ जिंदा है क्या? मी मान हलवली, हो. म्हणे, तो जा उसके पास, यहाँ मत रुक.

पण मी दरसाल गेलो, ती होती तोवर. बोऊ म्हणो तिले, म्हणजे माय. रडत नसे माह्यासमोर, पण माहं नावही कधी घेतलं नाई तिनं.

आता रिटायर होऊन जमाना झाला, पोराच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरात राहतो. नातीले पोहायले शिकवा म्हणून मागं लागून राहतो, तं सून म्हणते, बाबा, भिलाई में समुंदर कहाँ है? मी म्हणतो, बाई, दैतारीले समुंदरानं नाई नेलं.