फरशीवरची बटणं

सून: तुम्हाला घाबरवायला नाही भरली बॅग. उद्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला ऑफिसात बोलावलंय. गणित शिकवणारीची सासूच शाळेत येऊन सांगून गेली म्हणे, ही मुद्दाम चुकीचं शिकवते. माझी नोकरी अजून कायम नाही, आई. जाईल ती. मग या घरात परत यायचं तरी कशाला?

सासू: जे झालं ते सांगितलं. दहावीच्या गणितात दोन गुणांनी नापास झाले मी. शिवणवर्गवाले म्हणतात, दहावी झाल्याशिवाय शिकवायला घेणार नाही. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, तरी तिथे मी कुणी नाही. आणि घरात गणिताची बाई बसलेली. लोक हसतात मला.

सून: उत्तरपत्रिकेची झेरॉक्स कुठे आहे?

सासू: शिलाई मशीनवरच आहे. उठता-बसता डोळ्यांत खुपते. हा बघ प्रश्न. दोन वाय बरोबर सहा एक्स अधिक आठ, या रेषेचा चढ काढा. तूच घोकून घेतलंस माझ्याकडून, उणे ए भागिले बी. एक्सच्या पुढचा ए, वायच्या पुढचा बी. सहाला दोनने भागलं, उणे लावलं, उणे तीन. त्यावर ही एवढी लाल फुली.

सून: ते सूत्र, सगळी पदं एका बाजूला आणि दुसरीकडे नुसतं शून्य असेल तरच चालतं. इथे वाय एकीकडे, एक्स दुसरीकडे.

सासू: हे ‘तरच’ आज ऐकतेय मी.

सून: इथे वायला एकटा करायचा. सगळ्याला दोनने भागा. वाय बरोबर तीन एक्स अधिक चार. आता एक्सच्या पुढे जो आकडा उरला तोच चढ. तीन. उणे नाही.

सासू: तेव्हा एक सांगितलंस, आज दुसरं. उद्या बाईंसमोर तिसरं सांगशील. तुझ्या बोलण्यावर मी आता सुईसुद्धा ओवणार नाही.

सून: नका ओवू. बटणांचा डबा द्या.

सासू: डब्याला हात लावायचा नाही. काय हवं ते सांग, मी काढून देते.

सून: मोठी बटणं, दोन. आता ही फरशी म्हणजे तुमचा आलेखाचा कागद. हा कोपरा शून्य. दाराकडे जाईल तो एक्स, खिडकीकडे जाईल तो वाय. एक्सच्या जागी शून्य घाला. वाय किती?

सासू: दोन वाय बरोबर आठ. म्हणजे चार.

सून: खिडकीकडे चार लाद्या मोजा आणि ठेवा बटण. मी हात लावत नाही. आता एक्सच्या जागी एक.

सासू: सहा नि आठ चौदा. निम्मे सात. दाराकडे एक लादी, खिडकीकडे सात. सरक जरा, सावली पडते तुझी. ठेवलं.

सून: पहिल्यापेक्षा दुसरं किती वर गेलं?

सासू: तीन लाद्या.

सून: आणि तुमचं उणे तीन बरोबर असतं तर?

सासू: खाली आलं असतं. चारावरून एकावर. थांब, बोलू नकोस. मी आणखी एक ठेवते. एक्स दोन. बारा नि आठ वीस, निम्मे दहा. परत तीनच. ही युक्ती तेव्हा का नाही दाखवलीस?

सून: ‘लांबण लावू नकोस, सूत्र दे, गिऱ्हाईक खोळंबलंय’ असं कोण म्हणालं होतं?

सासू: मी म्हणाले होते. पण ते ‘तरच’ सांगितलं होतंस का? इकडे बघ आणि सांग.

(सून हातातला बॅगेचा पट्टा सोडते.)

सून: आठवत नाही, आई. दिवसभर वर्ग घेऊन घसा बसलेला असायचा. तुम्ही कधी एकदा उठून जाल, एवढंच डोक्यात असायचं. मुद्दाम चुकीचं नाही शिकवलं. पण मनापासूनही नाही शिकवलं.

सासू: वाटलंच होतं मला.

सून: मग हेही सांगा बाईंना. तेवढंच राहिलंय.

सासू: काय सांगायचं ते मला शिकवू नकोस. फोन लाव त्यांना. मीच सांगते, सून नीट शिकवते, म्हातारीलाच घाई झाली होती.

सून: आणि मी आत्ता बोलले ते?

सासू: ते शाळेतलं नाही, घरातलं आहे. त्याचा हिशेब आपण दोघी करू, आणि तो सोपा जाणार नाही तुला. लाव फोन.

सून: लावते.

सासू: आणि उद्या केर काढताना ती बटणं हलवू नकोस.