टाळूवरची जागा

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला की, मशीन चालू हाय… थांबा, बंद करतो… हां, बोला आता… व्हय, दानेश्वरीच बोलतोय, शिवाजी पेठेतनं. ब्लाऊज शिवायचा हाय काय?… न्हाय? मग?…

डॉक्टरबाईंनी नंबर दिला?… कुठल्या, त्या कातडीच्या डॉक्टर?…

अगं बाई!

थांब, थांब. बसतो मी आधी… नाव काय तुझं?… दीक्षा. कुठनं बोलतीस?… मुरगूड. आणि बाळाला कितवा दिवस?… अकरावा. मुलगी… आणि डोक्यावर, टाळूच्या जरा मागं, जन्मल्यापास्नं कातडीच न्हाय. व्हय, व्हय… अगं ऐक ना, रडू नको… बरं, रड. रड आधी. मी हाय हितंच.

…

झालं? पाणी पी घोटभर… ऐक. आमच्या शिवांजलीला हेच हुतं. हेच! त्याचं इंग्रजी नाव मला आजून म्हणता येत न्हाय बघ, पोरगी मात्र धडाधड म्हणती… दहा संपून अकरावं लागलंय तिला. त्र्याण्णव सालची. ती झाली तवाच मी डॉक्टरबाईंना सांगून ठेवलतं, असं बाळ घेऊन कोण आलं तर खुशाल माझा नंबर द्या. अधनंमधनं विचारायचो, आलं काय कोण? न्हाय म्हणायच्या. लई कमी जणांना होतंय हे… मग! दहा वर्सांत तू पहिली.

बरं, आधी कामाचं सांग. एक्सरे काढला?… खाली हाड नीट हाय म्हणाले? मग अर्धी काळजी गेली की! आमचंबी तसंच हुतं. आता मलम दिलंय ते हात धुऊन लावायचं, डॉक्टरांनी सांगितलंय तसं, तेवढंच. हळद न्हाय, लोणी न्हाय, राख तर न्हायच न्हाय. कोण सांगाय लागलं तर व्हय व्हय म्हणायचं आणि करायचं न्हाय… हासलीस? हां, असं.

किती मोठी हाय जागा?… म्हंजे? माहीत न्हाय म्हंजे काय?…

बघितलंच न्हाईस?

अकरा दिवस?… मग मलम कोण लावतंय?… सूरज. सूरज म्हंजे तुझा नवरा ना?… आणि तू तोंड फिरवून बसतीस.

हं… न्हाय गं. रागावत न्हाय. मी कशाला रागावू.

एक मिनिट हां… या विठाबाई, बसा की. तुमच्या ब्लाऊजची हुकं तेवढी राह्यल्यात… न्हाय, मुरगूडच्या पावण्या हायत फोनवर. बसा, पंखा लावा… हां, बोल दीक्षा.

काय म्हणती शेजारीण? ग्रहणात तू विळी धरलीस म्हणून?… अगं, मला तर ग्रहणात खाटेवरनं पाय खाली टाकू दिला न्हवता. दारंखिडक्या बंद, पाण्याचा थेंब न्हाय तोंडात. तरी झालंच की! तुझ्या विळीनं झालं म्हणतीस, तर माझं कशानं झालं?… तेच तर! कुणाच्या हातनं कायबी झालेलं न्हाय. डॉक्टरबाईंनी मला हे चारदा सांगितलं, तवा कुठं डोक्यात शिरलं. तुला मी पाचदा सांगीन.

आता एक सांगतो, हे मी आमच्या मालकांनाबी सांगितलेलं न्हाय. (विठाबाई, तुम्ही ऐकलं तरी चालतंय.) मीबी चार दिवस बघितलं न्हवतं. सासूबाई पोरीला पाजायला आणून द्यायच्या, तवा तिच्या डोक्यावर पदर टाकायचो आणि भिंतीकडं बघत बसायचो. पोरगी पीत असायची आणि मी भिंतीचे पोपडे मोजायचो… व्हय, मीच. आता ह्या पोरीवरनं जीव ओवाळून टाकती ना, तीच मी.

आमच्या सासूबाई हुत्या, बसम्मा. आम्ही अव्वा म्हणायचो. निपाणीच्या पलीकडचं माहेर, निम्मं कानडी बोलायच्या. आवाज असा, की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मला धसका हुता, पहिली नात, तीबी अशी, आता ह्या काय काय बोलत्यात… ऐक तर! पाचव्या दिवशी काय केलं त्यांनी, चष्मा चढवला नाकावर, पोरीला घेऊन अंगणात उजेडाला बसल्या, आणि सगळं डोकं बघितलं, तांदूळ निवडत्यात तसं. मग मला हाक मारली. "दानव्वा, ये हितं. नीट बघ. न बघता भितीस म्हणून ते एवढं मोठं झालंय."

गेलो. बघितलं… रुपयाएवढं हुतं गं. लालसर, वर पातळ साय धरल्यागत. चार दिवसांत माझ्या मनात ते परातीएवढं झालं हुतं!

दोन महिन्यांत भरून आलं. गुळगुळीत कातडी आली… केस? न्हाय. त्या जागी केस यायचे न्हाईत, दीक्षा. हे आत्ताच सांगतो, कारण मला कुणी सांगितलं न्हवतं. मी दोन वर्सं रोज सकाळी उजेडाला धरून बघायचो, एखादा तरी आलाय काय. नको तू असं करू. आजूबाजूला दाट येतील, त्यात झाकून जाईल. पण तेवढी जागा तशीच राहणार… व्हय, मोठी झाल्यावर ऑपरेशन करून काढता येती म्हणत्यात. शिवांजलीला विचारलं तर म्हणाली, परीक्षा होऊ दे, मग बघू. तवापास्नं दोन परीक्षा होऊन गेल्या! विषयच काढत न्हाय.

न्हाय गं, त्रास झालाच की. खोटं कशाला सांगू. बालवाडीत एका बाईंनी तिला वेगळं बसवलं, नायटा हाय म्हणून. मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो आणि असा आवाज चढवला, अव्वांचा आवाज माझ्यात आला बघ. बाईंनी चिठ्ठी वाचली, चुकलं म्हणाल्या. पण मी काय कमी हुतो काय? नुसतं झाकत सुटलो. आधी टोपडी शिवली, वीस-पंचवीस तरी असतील. मग रिबिनी, मग बो, मग भांग तिरका पाडून पिना. सकाळी अर्धा तास तिच्या डोक्याशी झटापट. आरशासमोर ती कंटाळून जायची.

मग गेल्या उन्हाळ्यात पोहायला जायचं खूळ घेतलं तिनं… मी न्हायच म्हणत हुतो. केस ओले झाले की झाकणार कसं? पण बापानं नेऊन घातली. आणि मे महिन्यात स्पर्धा. सगळी गर्दी भोवतीनं. पोरगी पाण्यातनं वर आली, केस चापून बसलेले आणि ती जागा उघडी, उन्हात चकचकत हुती. मी टॉवेल घेऊन पळालो आणि टाकला तिच्या डोक्यावर… आता ऐक हे. तिनं टॉवेल काढला, हातपाय पुसले आणि मला म्हणाली, "मम्मी, नंबर कितवा आला ते विचार की आधी!"

…तिसरा! तीन नंबर आला गं पोरीचा. आणि मी बघितलंच न्हवतं! ती पाणी कापत हुती तवा सगळा वेळ मी तिचं डोकं बघत हुतो.

त्या दिवसापास्नं पिना बंद. आता सकाळी अर्धा तास मोकळा असतोय मला. च्या पितो निवांत.

काय?… बारसं उद्या हाय?… आणि पुढं ढकलायचं म्हणतीस. किती पुढं?… केस आल्यावर?… दीक्षा, मी आत्ता काय सांगितलं तुला?…

बघू देत की लोकांना. दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरं कायतरी मिळंल. पण त्यांनी बघायच्या आधी तू बघितलेलं असू दे. आई आपली शेवटची बघणार, असं कसं चालंल?

रडतीया काय ती?… उठली वाटतं. भूक लागली असंल. घे की मग… व्हय, आत्ताच. टोपडं काढ. हळू, मागनं नाडी सोड… एका हातानं मान धर… काढलंस?…

…

दीक्षा?…

…एवढंच हाय ना?… सांगितलं हुतं की मी!… अगं, किती जावळ हाय म्हणालीस? कानावर आलंय? काळं?… मानंवर तीळ हाय? बघ, अकरा दिवस त्या तिळाकडंबी बघायचं राह्यलं… घे, पाज तिला. पाज आधी, बाकीचं मागनं…

हॅलो?… हॅलो?…

न्हाय विठाबाई, कट न्हाय झाला. तिनं फोन तसाच खाली ठेवलाय… पोरगी गप झाली… आता ती बोलतीया तिच्याशी. कायतरी नाव घेऊन बोलतीया, नीट ऐकू येत न्हाय… शूऽऽ, हळू बोला…

असू दे. आपण कशाला ऐकायचं.

ठेवतो.