फिरता जाळ

वालूरहून गंगाखेडला जाताना एसटीत माझ्या मागच्या बाकावर आजी, सून मालन आणि पुण्यात नोकरी करणारी नात माधवी बसल्या होत्या.

"माधवे, कंपनीत नेमकं काय करायलीस?"

"आई, आमी मोठी वीज तोडायचा ब्रेकर बनवायलोय. आत हवा नसते, तरी धातूची वाफ होऊन जाळ पेटतो."

"अगं बया!"

"करंट लय असला की जाळ एकाच जागी गोळा होतो अन् धातू वितळवतो. म्हणून धातूला तिरक्या खाचा पाडतो. मग जाळ गोल फिरत राहतो, कुठंच पोळत न्हाई."

"म्हंजी आमी तिघी जावा आत्याबाईंना पाळीपाळीनं ठेवतो तसंच! एकाच घरी ऱ्हायल्या की भडकतात."

"आई, हळू! आजी जागी हाय."

"जागीच हाय मी. मालन, औंदा धाकट्याच्या घरी न्हाई जात. माधवीसंगं पुण्याला जाते. तिला जाळ सांभाळायचा पगार मिळतो."