गालातला ठिपका

— म्हनजे पुन्हा? पुन्हा गाल खरवडान? कावून पन, डाक्टरीण बाई? एकदा झालं ना ते! मीच तं पोरीले तुमच्या लॅबमंदी घेऊन आली होती, तुमी गाल आतून खरवडला, काचेवर फासला, दुर्बिणीखाली पायलं, झालं. कागद पळनाऱ्यायच्या क्लबात पोचला, रत्नमालाचं नाव लागलं टीममंदी. अन् आता इतवारच्या दिवशी तुमी सोताहून कारखान्याच्या सेक्टरमंदी आमचं क्वार्टर शोधत येता — बसा ना, उभ्या कावून — अन् म्हनता, काच लय सुंदर आली, कॉलेजच्या पोरायले शिकवाले अजून एक पायजे. सुंदर आली म्हनून कोनी दुसऱ्यांदा येते का? चांगल्या रिपोर्टासाठी कोनी घरी नाही येत, बाई. वाईट असला का येते. कुठं तरी पानी मुरून राहिलं, मले कळते.

रागावू नका. तुमी अमरावतीच्या, ह्या परमुलखात आपल्याच, म्हनून बोलून राहिली. पन दुधानं तोंड पोळलं आहे माहं. रत्ना शर्यतीत पळाले लागली तवापासून ह्या लाइनीतल्या बाया काय काय नाही बोलल्या! समोरच्या सिंधुताई तं तोंडावर म्हने — तुही पोरगी चालते कशी पाय, मिशी फुटून राहिली तिले. मिशी! अन् राज्यात पयली आली तं पेढे खायले ह्याच पयल्या. मंग टीमसंग बाहेरदेशी जायाचं ठरलं, तं क्लबातून निरोप आला — पोरगी खरंच पोरगी आहे का, तपासून आना. रत्नाले नाही सांगतलं मी. काय सांगू? का बाई, लोकायले तुह्यावर भरोसा नाही?

तुमी तवा समजावलं, ते ध्यानात आहे माह्या. पेशीच्या पोटात डीएनए का काय त्याचे धागे भरून रायते, त्यातला एक बाईले दोन-दोन — एक काम करते, दुसरा सोताले गुंडाळून कोपऱ्यात बसते, तोच तो काळा ठिपका. मले हसूच आलं, दोघी जावायचं घर झालं ते. अन् मानसाले तो धागा एकच, म्हनून ठिपका नाही. बरोबर ना? अन् तुमीच म्हनलं होतं, एखाद्या पोरीलेही ठिपका नसते, जन्मापासून, तिचा काही गुन्हा नसते — तरी टीमवाले नाव काढते. काढते ना? मंग! मी माय आहे तिची. अठरावं लागलं तिले अन् अजून तिची पाळी — काही नाही, पळते म्हनून असन. वाळली आहे, पोटात अन्न ठरत नाही म्हनून असन. दाखवा म्हनता? कोनाले? दाखवलं का बोभाटा, अन् बोभाटा झाला का ते पळनं गेलं, लग्न गेलं, सारंच गेलं. त्या पळन्याबिगर ती जगनार नाही, सांगून ठेवतो तुमाले.

अशा टकमक पाहू नका. चोरी केली का मी? ठिपका दिसला ना तुमाले? ढळढळीत दिसला म्हनता — मंग दिसनच ना! कसा नाही दिसन? एका लेकराची माय आहे ती, दुसऱ्यांदा आताच दिवस राहिले, तिच्या गालात ठिपका नाही दिसन तं कोनाच्या —

नाही. मी मोठीचं बोलून राहिली. कमलिनीचं. चरोद्याले दिली ती, जावई रेल्वेत आहे. तिचा काय संबंध? तोंडं सारकी आहे दोघीची, म्हनून — म्हनून मानूस गडबडते बोलाले. बाई? पर्स कावून उचलली? क्लबात जाता का? हात जोडतो मी तुमाले, पाया पडतो, माह्या पोरीनं काही नाही केलं, तिले मालूम बी नाही अशी तपासनी रायते म्हनून...

फाटक वाजलं. आली ती मैदानावरून. नाही, तिच्याशी नाही बोलाचं! एक अक्षर नाही! उठा, उठा तुमी —

काय नाही गं, रत्ना. कोनी नाही ह्या. घर चुकल्या.