दमट हवेतले नमुने

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, प्राचार्य दमयंतीबाई, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, सहकारी, विद्यार्थी आणि माझ्यासाठी कोल्हारहून वाट वाकडी करून आलेले आप्तेष्ट,

तुम्ही शाल घातलीत, त्याआधी बाईंनी माझ्या एका शोधनिबंधाचं कौतुक केलं. निवृत्त होताना त्याविषयीच बोलायचं आहे.

बॅटरीशिवाय चालणारा, उजेड पडला की स्वतःच वीज निर्माण करून संकेत देणारा संवेदक, म्हणजे सेन्सर, आम्ही बनवत होतो. त्यात पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर असतो. थराच्या पृष्ठभागावर बारीक उणिवा राहतात, वीज तिथं अडकते. वरून क्षाराचं द्रावण फिरवलं की त्या बुजतात. त्यानं संवेदक चौपट सुधारला, असं मी लिहिलं.

मोजमापं आरती करायची. काष्टीच्या शेतकरी घरातली मुलगी. चार वर्षं माझ्या हाताखाली संशोधन करत होती. निबंध धाडायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "सर, हा फरक द्रावणाचा न्हाई. बिनद्रावणाचे नमुने आठ दिवस दमट हवेत पडून बिघडले होते. मी दोन्ही एकाच दिवशी नव्यानं करून बघितले. वाढ जेमतेम सव्वापट हाय."

अशा वेळी शिक्षकानं काय करावं? पाठ थोपटावी ना? मी म्हणालो, "आता घोळ घालू नकोस."

"मग माझं नाव काढा, सर."

काढलं. निबंध छापला गेला, पारितोषिक मिळालं, याच सभागृहात पेढे वाटले गेले. तिनं प्रबंधात तो चौपट आकडा घालायला नकार दिला, म्हणून मी त्यावर सही केली नाही. ती पदवीविनाच निघून गेली.

काल नेवाशाला गेलो. तिथल्या शाळेत ती विज्ञान शिकवते. निबंध मागे घेत असल्याचं पत्र तिला दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"बरं केलंत, सर. तुमी मोकळे झालात. माझी चार वर्षं कुणाकडं मागू?"

आज समारंभाला ये, असं मला म्हणवलं नाही.

पत्र आज सकाळी नियतकालिकाकडे रवाना झालं. बाई, ही त्याची प्रत. सोबत तिचा प्रबंध आता तरी स्वीकारावा, असा माझा अर्ज आहे. तिला तो हवा आहे का, हे विचारायचं धैर्य मात्र झालं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. आरतीच्या बाबतीत जे केलं, त्याची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती देणं तुमच्या हातात नाही.