जास्तीची खुंटी

नाही हो दादा, बटण परत दाबू नका — आता नाही आणि मी सांगेपर्यंत तर नाहीच. पंखा अर्धी गिरकी घेतो आणि मान टाकतो, बघितलं मी, बास झालं. लिफ्टचं बटण आहे का ते, दहादा दाबलं की लवकर येईल? बसा. तो स्टूल नको, लंगडा आहे, इकडे खुर्चीवर बसा. नवा बोर्ड, नवी रॅम, नवं ग्राफिक्स कार्ड — आणि कॉम्प्युटरचा डबा मात्र जुनाच, हो ना? वाटलंच. हो, लग्नाचे फोटो यात आहेत, अल्बम उद्या द्यायचाय, मुलीचे वडील तापट आहेत — ऐकलं, तीनदा सांगितलंत. फोटोंना काही झालेलं नाही. स्टुडिओ चालवता आणि एवढं घाबरता?

हे बघा, वायरी कशा बांधल्यात. प्रत्येक पट्टीचं शेपूट तिरकं कापलेलं. हा हात मी ओळखते. चौकातल्या मोठ्या पाटीच्या दुकानातून करून आणलंत — नुसती मान काय हलवता, हो म्हणा की! माझे धाकटे दीर आहेत ते. सख्खे. राग? छे, राग कसला, घरचं माणूस. काय म्हणाले भावजी? बोर्डच खराब आला असेल? आणि तुमच्याकडची वीजही बरोबर नसेल — हो, तेही म्हणतात. एका रिटायर्ड गृहस्थांना असंच म्हणाले, तर त्या बिचाऱ्यांनी घरभर वायरिंग बदलून घेतलं — स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत — आणि मशीन जिथल्या तिथे ढिम्म! दुसरे एक शिंपीदादा, त्यांचा कॉम्प्युटर आडवा निजवला की सुरू, उभा केला की मेला. दोन महिने आडव्या मशीनवर काम केलं त्यांनी. ऊब मिळते म्हणून मांजर वर येऊन झोपायचं. मग आले माझ्याकडे — मांजराला घेऊनच. हसताय ना? मीही हसले. तुमचीच पाळी आली तेव्हा रडकुंडीला आलात.

आता इकडे बघा. सहा स्क्रू काढले, बोर्ड उचलला. खाली डब्याच्या पाठीला या पितळी खुंट्या दिसतात? बोर्ड यांच्यावर उभा राहतो, पत्र्याला टेकत नाही. मोजा. सात. आणि नव्या बोर्डाला भोकं किती? सहा. जुन्या बोर्डाला इथे भोक होतं, नव्याला नाही. मग ही सातवी काय करते? थेट बोर्डाच्या पोटात टोचते, जिथे सगळे सांधे उघडे असतात. वीज आली की शॉर्ट, पॉवर सप्लाय घाबरून बंद. बस्स, एवढंच. बोर्ड ठणठणीत आहे तुमचा.

विसरले? नाही हो दादा, विसरायला आधी माहीत असावं लागतं! त्यांना माहीतच नाही. अकरा वर्षं मी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून डबे तयार करून द्यायचे — पुसायचे, नवा बोर्ड वर धरून बघायचे, जास्तीची खुंटी काढायचे. मग भावजी यायचे, ऑपरेशनला डॉक्टर यावा तसे, स्क्रूड्रायव्हर घेऊन. बोर्ड ठेवला, आवळला, सुरू! लोक वाहवा करायचे. कुणी शिकवलं मला? कुणी नाही. तीन बोर्ड माझ्या हातून गेले तेव्हा कळलं. हे गेले — आमचे हे — आणि महिना झाला नाही तोच भावजी म्हणाले, वहिनी, आता दुकानात तुमचं काय काम? डबे तर कुणीही पुसेल. कुणीही पुसेल! मी तोंड उघडलं होतं सांगायला, की भावजी, नुसतं पुसायचं नसतं — आणि मिटलं. तिथेच मिटलं. पदराला हात पुसले, निघाले.

तेव्हापासून येतात एकेक जण. तुम्ही एकोणिसावे. मी कुणाला काही सांगत नाही — वायर सैल होती म्हणते, खुंटी काढते, नमस्कार. तुम्हालाच कसं सांगून बसले कोण जाणे.

काय? दुकान विकतायत? कुणी सांगितलं — ते स्वतः? कधी? सोमवारी सही? म्हणजे परवा. अगं बाई... थांबा, परत सांगा, काय म्हणाले? भाऊ गेल्यापासून काही धड सुरूच होत नाही — भावाच्या हाताला यश होतं? भावाच्या? ह्यांच्या? अहो, ह्यांनी जन्मात स्क्रू आवळला नाही! गल्ल्यावर बसून गोड बोलायचे, बल्ब बदलायलाही मला हाक मारायचे. भावाच्या हाताला यश! अकरा वर्षं मागच्या खोलीत मी होते आणि यश भावाच्या हाताला!

फोन खाली ठेवा. कुणाला लावताय? ठेवा म्हणते ना. हो, सांगायचंच आहे त्यांना. अगदी सांगा — हा डबा नेऊन दाखवा, बोट लावून दाखवा, वहिनी काय करत होती ते नीट समजावून सांगा. पण मंगळवारी. सोमवारची सही होऊ दे, चावी दुसऱ्याच्या हातात जाऊ दे, मग सांगा, एवढुशी खुंटी होती म्हणून. आधी एक दिवसही नाही.

त्यांची मुलं लहान आहेत? माहीत आहे मला. धाकटीचं नाव मीच ठेवलंय. अजून परवा रस्त्यात दिसली तर काकू म्हणून पळत आली होती... ते राहू दे. ते तुमचं काम नाही.

हे बघा दादा, स्पष्ट बोलते. खुंटी काढायची, सहा स्क्रू लावायचे — पाच मिनिटांचं काम. तुमचा अल्बम उद्याचा, त्यांची सही परवाची. गप्प राहतो म्हणा, आत्ता सुरू करून देते, चहासुद्धा पाजते. नाहीतर नवा बोर्ड आहे, तपासायला वेळ लागतो, मंगळवारी मिळेल. माझ्याकडे असं काय बघताय? मी काय बिघडवलं त्यांचं? मी फक्त बोलले नाही.

नाही म्हणून मान हलवता?

बरं. मशीन राहू दे इथेच. मंगळवारी या, चारनंतर. निघा आता — पायरी उंच आहे, बघून उतरा.